निंबोळी, करंज, एरंडी : न खाण्याच्या तेलाचा घाणा नेमका चालतो कसा?

पुण्यात आता जवळपास प्रत्येक उपनगरात 'लाकडी घाण्याचे तेल' अशी पाटी दिसते. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरे, सगळे काही 'कोल्ड प्रेस्ड'. दोन पैसे जास्त देऊन लोक ते घेतात, कारण कमी उष्णतेत काढलेले तेल चांगले, हे आता सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले आहे.

पण त्याच शहरात रस्त्याच्या कडेला आणखी एक तेलबी दरवर्षी खाली पडते आणि झाडूने गोळा होऊन कचऱ्यात जाते. करंजाच्या शेंगा, कडुनिंबाच्या निंबोळ्या. त्यांचे तेल कुणी खात नाही. तरीही साबण, कीटकनाशक, वंगण, रंग, खत आणि कधीकाळी गाडीचे इंधन, अशा कितीतरी ठिकाणी त्याला मागणी आहे. निंबोळीच्या तेलावरून तर थेट जर्मनीत खटला चालला होता आणि त्यात एका पुणेकराची साक्ष महत्त्वाची ठरली होती.

हे तेल निघते कसे, त्यात पैसा नेमका कुठे असतो आणि कुठे बुडतो, ते पाहूया.

अखाद्य तेल म्हणजे काय?

ज्या बियांच्या तेलात माणसाला अपायकारक किंवा अतिशय कडू घटक असतात, त्यांना अखाद्य तेलबिया म्हणतात. महाराष्ट्रात सहज सापडणारी नावे म्हणजे कडुनिंब, करंज, एरंड, उंडी आणि मोगली एरंड, म्हणजेच जट्रोफा. यातला एरंड सोडला तर बाकीच्यांची बी झाडांखालून, कुंपणांवरून नाहीतर जंगलातून गोळा करावी लागते. सरकारी भाषेत अशा झाडांच्या बियांना 'वृक्षजन्य तेलबिया' असे नाव आहे.

ही तेले आपल्याकडे नवीन नाहीत. कोकणात करंजेल दिव्यात जळत असे, अंगाला खरूज झाली तर लावले जाई. उंडीचे कडू तेल होडीच्या लाकडाला पाजत, म्हणजे खारे पाणी आणि कीड दोन्ही दूर राहत. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणीवर खूप काम केले आणि सुधारित घाणी तयार केली. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने 'अखाद्य तेल आणि साबण' हा ग्रामोद्योगांचा एक वेगळा गटच ठेवला.

कोल्ड प्रेस म्हणजे नेमके काय?

बी दाबून तेल काढण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिली, थंड दाब. बी आधी तापवायची नाही, वाफ द्यायची नाही. लाकडी घाणा किंवा हळू फिरणारे स्क्रू प्रेस वापरायचे आणि तेलाचे तापमान साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही. 'थंड' हा शब्द फसवा आहे. घर्षणाने उष्णता तयार होतेच, ती फक्त मर्यादेत ठेवायची असते.

दुसरी, गरम एक्सपेलर. यात बी आधी वाफेवर शिजवतात. त्यामुळे पेशी फुटतात, तेल पातळ होते आणि मोठ्या दाबाखाली जास्त तेल निघते.

तिसरी, द्रावक पद्धत. हेक्झेनसारख्या द्रवात बियांचा चुरा किंवा पेंड भिजवून तेल विरघळवून घेतात आणि नंतर द्रावक उडवून परत मिळवतात. तेल जवळपास सगळे निघते, पण कारखाना मोठा लागतो आणि हेक्झेन झटकन पेटत असल्याने धोकाही मोठा असतो.

थंड दाबाचे काम तसे सोपे असते. बी चाळून माती-खडे काढायचे, टरफल काढायचे, ओलावा तपासायचा, यंत्रात घालायचे. निघालेले तेल गढूळ असते. ते काही दिवस टाकीत ठेवून गाळ खाली बसू द्यायचा आणि मग फिल्टर प्रेसमधून गाळायचे. शेवटी अंधाऱ्या, कोरड्या जागी बंद पिंपात ठेवायचे. एवढेच.

१०० किलो निंबोळीचा हिशेब

आता जरा आकडेमोड करूया, कारण यंत्र विकणारे हा भाग घाईघाईने सांगतात.

कडुनिंबाच्या सुकलेल्या बीत साधारण निम्मे वजन टरफलाचे आणि निम्मे आतल्या गराचे असते. गरात ४० टक्क्यांच्या आसपास तेल असते. म्हणजे १०० किलो सुक्या बीत तेल असते सुमारे २० किलो. बाकीचे ८० किलो म्हणजे टरफल आणि चोथा.

पण यातले सगळे तेल बाहेर येत नाही. काही तेल पेंडीत राहते आणि किती राहते हे पद्धतीवर अवलंबून असते.

• थंड दाबात पेंडीत १२ टक्के तेल राहिले, तर हाती येते साधारण ९ किलो.
• गरम एक्सपेलरमध्ये ७ टक्के राहिले, तर १४ किलो.
• द्रावक पद्धतीत १ टक्का राहिले, तर १९ किलो.

एकाच पोत्यातून एकाला ९ किलो आणि दुसऱ्याला १९ किलो! बी विकत घेण्याचा, वाहून आणण्याचा, सुकवण्याचा खर्च मात्र दोघांनाही सारखाच.

त्यामुळे खाण्याच्या तेलातला नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. साबण किंवा इंधन करायचे असेल तर तेल थंड काढले की गरम, याने गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. तिथे थंड दाब म्हणजे पेंडीत पैसे सोडून देणे.

मग थंड दाब करायचा तरी कशाला?

याचे सर्वात चांगले उत्तर निंबोळीच देते.

कडुनिंबाच्या बीत अझाडिरॅक्टिन नावाचे रसायन असते. किडीने ते खाल्ले की तिची भूक मंदावते आणि कात टाकण्याची प्रक्रिया बिघडते. कीड जागेवर मरत नाही, पण वाढतही नाही. अडचण अशी की हे रसायन नाजूक आहे. उष्णता, ऊन आणि ओलावा, तिन्हींनी त्याची ताकद कमी होते. बी शिजवून तेल काढले तर तेल जास्त मिळेल, पण ज्यासाठी शेतकरी ते विकत घेतो तीच गोष्ट कमी झालेली असेल.

कृषी सेवा केंद्रात बाटलीवर '३०० पीपीएम', '१५०० पीपीएम', '१०,००० पीपीएम' असे आकडे असतात, ते या अझाडिरॅक्टिनचे प्रमाण. ३०० पीपीएम म्हणजे ०.०३ टक्के.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. अझाडिरॅक्टिनला तेलात राहायला फारसे आवडत नाही. त्याचा मोठा वाटा दाबल्यानंतर पेंडीतच उरतो. म्हणून १०,००० पीपीएमसारखी तीव्र औषधे नुसत्या घाण्यातून तयार होत नाहीत. त्यासाठी तेल काढलेल्या गरातून मिथेनॉलसारख्या द्रावकाने अझाडिरॅक्टिन वेगळे काढावे लागते. याच कारणाने गावोगावी सांगितला जाणारा पाच टक्के निंबोळी अर्क तेलाशिवायही काम करतो. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळायची आणि १०० लिटर पाण्यासाठी वापरायची. पाण्यात उतरते ते तेल कमी आणि अझाडिरॅक्टिन जास्त.

पुण्याहून म्युनिकपर्यंत

निंबोळीच्या तेलाची किंमत जगाला कळली ती १९९० च्या दशकात.

अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी यांनी मिळून युरोपात एका पेटंटसाठी अर्ज केला. विषय होता, द्रावकाने काढलेल्या निंबोळीच्या तेलाची फवारणी करून पिकांवरची बुरशी रोखणे. यातल्या तेलात अझाडिरॅक्टिन जवळपास नसतेच, म्हणजे बुरशीवर काम करत होते ते उरलेले तेल. १९९४ साली युरोपियन पेटंट कार्यालयाने ते मंजूर केले.

भारतात यावर मोठा संताप उमटला. वंदना शिवा यांची संस्था, युरोपियन संसदेतल्या ग्रीन गटाच्या माग्दा आलवूट आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी मिळून पेटंटला आव्हान दिले. पण 'आमच्याकडे हे पूर्वापार चालत आले आहे' एवढे म्हणून भागत नव्हते. पेटंटच्या कायद्यात पुरावा लागतो. हेच काम, याच पद्धतीने, अर्जाच्या तारखेआधी, उघडपणे कुणीतरी केले होते का?

उत्तर पुण्यात होते. पुण्यातल्या 'अजय बायो-टेक' या कंपनीचे अभय फडके यांनी १९८५ आणि १९८६ साली निंबोळीच्या अर्काच्या चाचण्या पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या शेतांवर घेतल्या होत्या. मे २००० मध्ये म्युनिकमध्ये सुनावणी झाली तेव्हा फडके तिथे साक्षीला उभे राहिले. त्यांची साक्ष निर्णयात महत्त्वाची ठरली आणि १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. कंपनीने अपील केले. तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

एखाद्या परंपरेचे ज्ञान बळकावण्याच्या प्रयत्नाविरुद्धचा हा जगातला एक गाजलेला विजय मानला जातो. आजीच्या बटव्यातले ज्ञान तर होतेच, पण कामी आल्या त्या दोन जिल्ह्यांतल्या शेतांवर, तारखांसह झालेल्या चाचण्या.

खरी परीक्षा यंत्राच्या आधीच

निंबोळीचे तेल बिघडते ते बहुतेक वेळा घाण्यात नाही, त्याआधीच.

महाराष्ट्रात निंबोळ्या पिकतात आणि गळतात त्या साधारण जून-जुलैमध्ये. म्हणजे नेमका पाऊस सुरू होतो तेव्हा. गोड गर असलेली निंबोळी चिखलात पडली की दोन-चार दिवसांत तिच्यावर बुरशी चढते. अशा बीतले तेल फुटायला लागते आणि त्यात मोकळी स्निग्धाम्ले वाढतात. रंग काळपट होतो, वास उग्र होतो, अझाडिरॅक्टिनही घटते. नंतर कितीही महागडे यंत्र आणा, गेलेला दर्जा परत येत नाही.

म्हणून जाणकार गोळा करणारे काही गोष्टी पाळतात. निंबोळी शक्यतो त्याच दिवशी पाण्यात चोळून गर काढतात. धुतलेली बी पातळ पसरून सावलीत, वाऱ्यावर सुकवतात. भरायला गोणपाट वापरतात, प्लास्टिकची पिशवी नाही. ओली आणि सुकी बी एकत्र करत नाहीत.

हे काम गावागावांत बहुतेक ठिकाणी बायका आणि मुले करतात आणि ऐन पेरणीच्या दिवसांत करतात. घाण्याच्या मालकाने वजनावर सरसकट एकच भाव दिला, तर सुकवण्याचे कष्ट कुणी घेत नाही. उलट ओली बी जास्त वजन देते. चांगल्या सुक्या बीला वेगळा भाव देणारा माणूसच चांगले तेल मिळवू शकतो.

मागणी मात्र भरपूर आहे. २०१५ साली केंद्र सरकारने देशात तयार होणाऱ्या सगळ्या यूरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप बंधनकारक केला. लेपामुळे यूरियातले नत्र जमिनीत सावकाश सुटते आणि यूरिया कारखान्यांकडे पळवून नेणेही अवघड होते. नियमानुसार लेपात किमान ३५० पीपीएम, म्हणजे दर टनाला ३५० ग्रॅम तेल हवे. देशात वर्षाला अडीच कोटी टन यूरिया तयार होतो असे धरले, तरी ८,७५० टन तेल झाले. एक्सपेलरचा १४ टक्के उतारा धरला तर त्यासाठी ६० हजार टनांहून जास्त सुकी निंबोळी लागते. आणि ती कुणाच्या शेतात ओळीने लावलेली नाही. झाडाखालून एकेक वेचायची आहे.

कोणत्या बीचे तेल कुठे जाते?

एरंडी : अखाद्य तेलांमधला हा राजा. बीत ४५ ते ५० टक्के तेल. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते आणि त्यातही गुजरात सर्वात पुढे आहे. यातले रिसिनोलिक आम्ल इतर तेलांत जवळपास सापडत नाही. त्यामुळे हे तेल जाड राहते आणि वंगण, रंग, शाई, पॉलियुरेथेन, नायलॉन-११ अशा अनेक उत्पादनांत जाते. 'कॅस्ट्रॉल' या प्रसिद्ध ब्रँडच्या नावातही कॅस्टर, म्हणजे एरंडेलच आहे.

करंज : तेल साधारण २७ ते ३९ टक्के. रंग पिवळट-तांबूस, चव कडू. साबण, चामडे कमावणे, वंगण, फवारणी यांत वापर. यातल्या करंजिनमुळे कीड दूर राहते.

उंडी : कोकण किनाऱ्यावरचे झाड. गरात तेलाचे प्रमाण ६० टक्क्यांच्याही वर जाते. साबण आणि लाकडासाठी उपयोगी. आता सौंदर्यप्रसाधनांतही जाते आणि तिथे थंड दाबाच्या तेलाला खास मागणी असते.

जट्रोफा : तेल ३० ते ४० टक्के. यातले फॉर्बोल एस्टर विषारी असतात आणि ते तेल आणि पेंड, दोन्हींत उतरतात.

इंधनाचे स्वप्न कुठे अडले?

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. म्हणजे बियांच्या तेलावर इंजिन चालते हे सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे.

आपल्याकडे २००० नंतर या कल्पनेने जोर धरला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उडुपी श्रीनिवास यांनी करंज तेलाचा पाठपुरावा केला आणि दांडेलीच्या फेरो अलॉय कारखान्यात मोठी जनरेटर त्या तेलावर चालली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाची मोठी लागवड सुचवली. २००४ मध्ये डेमलर-क्रायस्लरने जट्रोफाच्या बायोडिझेलवर मर्सिडीज गाड्या हजारो किलोमीटर पळवून दाखवल्या. या कंपनीचा भारतातला कारखाना तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये होता. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने तर २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य ठेवले.

प्रत्यक्षात बायोडिझेलचे मिश्रण एक टक्काही गाठू शकले नाही. २०१८ च्या नव्या धोरणात लक्ष्य खाली आणून २०३० पर्यंत ५ टक्के केले गेले. इंजिनाने दगा दिला नव्हता. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय जट्रोफा भरघोस पिकेल हा अंदाज चुकला. झाड जगले, पण बी पुरेशी आली नाही.

पुण्यातल्या दोन संस्थांनी या प्रश्नाला दोन वेगळ्या टोकांनी हात घातला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डी. श्रीनिवास आणि पॉल रत्नासामी यांच्या गटाने २००६ च्या सुमारास लोह आणि जस्त असलेला घन उत्प्रेरक मांडला. नेहमीच्या पद्धतीत तेलात मोकळी स्निग्धाम्ले जास्त असली की बायोडिझेलऐवजी साबण तयार होतो. हा उत्प्रेरक तसले खराब तेलही चालवून घेतो. दुसरीकडे 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर भागात स्थानिक झाडांच्या अखाद्य बियांचे तेल गावातच काढून गावातच वापरण्याचा प्रयोग केला. तेलासाठी नवी लागवड करण्यापेक्षा, उभ्या झाडाला बीमुळे किंमत येईल आणि ते तोडले जाणार नाही, हा त्यामागचा विचार.

पेंड : टाकाऊ नाही, निम्मा धंदा

वरच्या हिशेबात ९ किलो तेलाबरोबर ९१ किलो पेंड निघाली. ती विकली गेली नाही तर घाणा तोट्यात जातो. निंबोळी पेंड खत म्हणून डाळिंब, द्राक्ष, भाजीपाला यांना घालतात. सूत्रकृमींवर ती उपयोगी पडते आणि नत्रही देते. करंज पेंडीचेही तसेच.

एरंडी पेंड खत म्हणून चांगली, पण जपून. बीतले रायसिन हे जबर विष पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून ते तेलाबरोबर न जाता पेंडीत उरते. कुंडीत घातलेली एरंडी पेंड वासाने उकरून खाल्ल्याने कुत्री दगावू शकतात. बाल्कनीत बाग आणि घरात कुत्रा असेल, तर ही पेंड मातीवर उघडी ठेवू नये. जनावरांच्या खाद्यात तर ती मुळीच घालू नये.

एक घाणा, दोन तेले? कधीच नाही

'सकाळी शेंगदाणा, दुपारी करंज' असे एकाच यंत्रावर करणे धोकादायक आहे. स्क्रूच्या फटींत, पाइपात, फिल्टरच्या कापडात आधीचे तेल राहते आणि धुऊनही पूर्ण निघत नाही. अखाद्य तेल थोडेसे मिसळले तर काय होते, हे देशाने १९९८ मध्ये पाहिले आहे. दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेले. ६० हून अधिक माणसे गेली, हजारो आजारी पडली.

म्हणून यंत्र, खोली, पिंपे आणि गाळण्या सगळे वेगळे हवे. पिंपावर 'अखाद्य' असे ठळक लिहायला हवे. आणि निंबोळीचे तेल कीटकनाशक म्हणून बाटलीत भरून विकायचे असेल, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. नुसत्या घाण्याच्या परवान्यावर ते चालत नाही.

यंत्र घेण्याआधी विचारायचे प्रश्न

घरबसल्या कमाईच्या व्हिडिओंमध्ये हल्ली छोटी ऑइल प्रेस यंत्रे फार दिसतात. ती चालतातही. पण पैसे भरण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरे हाताशी असावीत.

१. बी कोण गोळा करणार, आणि पावसात ती कुठे सुकणार?
२. हंगाम दोन महिन्यांचा. मग वर्षभर यंत्राला काय खायला घालणार?
३. तेल घेणाऱ्याला थंड दाबाचेच हवे आहे का, आणि त्यासाठी तो जास्त भाव देणार आहे का?
४. पेंडीचा ग्राहक ठरला आहे का?
५. मोकळी स्निग्धाम्ले आणि अझाडिरॅक्टिन तपासून देणारी प्रयोगशाळा जवळपास आहे का?

यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर बाकीच्या चारांचा उपयोग नाही. घाणा बीला दाबतो, तिला चांगली करत नाही. जूनच्या पहिल्या पावसाआधी कुणीतरी झाडाखाली वाकून ती नीट उचलली, तरच पुढे पिंपात विकण्याजोगे तेल उतरते.